आजोबांचं शाईपेन सापडलंय? थांबा, गरम पाण्यात घालू नका

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाच्या वरच्या फळीवर, जुनी पासबुकं आणि रबरबँड लावलेल्या पावत्यांच्या गठ्ठ्याखाली एक पेन सापडतं, टोपण घट्ट बसलेलं, क्लिप काळवंडलेली, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं अरे हे तर अण्णांचं पेन. मग आपल्याला चेव येतो. मला पण आला होता. पंधराएक वर्षं झाली असतील, मी ते पेन घेतलं, गॅसवर पाणी तापवलं, ग्लासात ओतलं आणि पेन त्यात उभं करून चहा प्यायला बसलो. चहा होईपर्यंत काळंभोर चकचकीत पेन शेवाळलेल्या मातकट रंगाचं झालं होतं. ते एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं होतं हे मला नंतर कळलं. त्या पेनाला काहीही झालेलं नव्हतं हो, नुसती शाई वाळली होती.

म्हणून आधीच सांगतो, जुनं पेन चालत नाही म्हणजे ते बिघडलंय असं नाही, बहुतेक वेळा ते फक्त घाण असतं. त्यामुळे सगळ्यात साधा उपाय सगळ्यात आधी, आणि निबला हात सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, पहिल्याच दिवशी पॉलिश पेपर आणतात आणि निब घासत बसतात.

पहिलं काम, पेन कशाचं बनलंय ते बघा. अंगठ्याने जोरात चोळा आणि लगेच नाकाशी न्या, जळक्या रबरासारखा, गंधकासारखा वास आला तर एबोनाइट. रबरात भरपूर गंधक घालून ते तापवून कडक केलेलं असतं, म्हणून तो वास. आपल्याकडची जुनी हाताने कातलेली पेनं बरीचशी याचीच. आंध्रातल्या राजमहेंद्रीचे पेन बनवणारे रत्नम याच जातकुळीतले, त्यांनी पाठवलेलं पेन वापरून गांधीजींनी १९३५ साली आभाराचं पत्र लिहिलं होतं, परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे म्हणून. एबोनाइटला गरम पाणी आणि ऊन दोन्ही चालत नाही, रंग उतरतो. कापराची किंचित झाक असलेला वास आला आणि अंगावर सुंदर ढगाळ नक्षी असेल तर सेल्युलॉइड असू शकतं. ते भुरकन पेट घेतं, त्यामुळे त्याच्याजवळ काडी, लायटर, हेअर ड्रायरचा फुल स्पीड काहीही नको. वास नाही, गुळगुळीत आहे, मग साधं प्लास्टिक किंवा अ‍ॅक्रिलिक. आणि कुठल्याही पेनाला स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर लावायचं नाही. लॉकडाउनमध्ये एकाने सगळी पेनं सॅनिटायझरने पुसली होती, दोन पेनांना बारीक बारीक तडे गेले.

आता पेन उघडायचं. इथे ताकद लावायची नाही, पकड तर अजिबात नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापा, एक टोपणाला किंवा बॅरलला, म्हणजे पेनाच्या मागच्या नळीला गुंडाळा, दुसरा निबच्या मागच्या भागाला, जिथे आपण बोटं धरतो त्याला पेनवाले सेक्शन म्हणतात. हळूहळू फिरवा. ट्यूबची ग्रिप इतकी मस्त बसते की ऐंशी टक्के पेनं तिथेच उघडतात. नाही उघडलं तर वाळलेल्या शाईने आटे चिकटलेत असं समजा, सांध्यावर गार पाण्याचे दोन थेंब सोडा, अर्धा तास ठेवा, परत प्रयत्न करा, परत नाही तर उद्या. घाई नाही ना आपल्याला, चाळीस वर्षं पडलंच होतं ते. एक गोष्ट मात्र बघून घ्या, काही जुन्या पेनांत, विशेषतः बाजूला छोटा लिव्हर असलेल्या पेनांत, सेक्शन आट्यांचा नसतो, नुसता दाबून बसवलेला असतो, तिथे फिरवत फिरवत सरळ बाहेर ओढायचा असतो.

पार्कर ५१ निघालं असेल तर तुमची लॉटरी लागली, पण त्याचा पुढचा भाग, ज्यात निब लपलेली असते, तो उघडायला जाऊ नका. हे पेन १९४१ साली बाजारात आलं आणि १९४८ पासून त्यात जी दाबून शाई भरायची पिशवी आली ती इतकी टिकाऊ निघाली की आज पण बहुतेक चालतात. मागचं बॅरल काढा, स्टीलचं आवरण दिसेल, त्यावरची पट्टी दाबून साधं पाणी आत-बाहेर करत बसा, बास. आपल्याकडे घरोघरी असायचं ते चिनी हिरो ६१६, त्याची ठेवण याच्यावरूनच उचललेली, त्यालाही हाच उपाय.

आता धुणं. एक वाटी, गार किंवा फारतर अंगाला कोमट लागेल इतकंच पाणी, आणि त्यात फक्त निब आणि सेक्शनचं टोक बुडेल असं पेन उभं करायचं. पाणी दर तीन-चार तासांनी बदला. पहिल्यांदा निळा धूर सोडल्यासारखी शाई बाहेर येते, बघायला भारी वाटतं, लहान पोरं असतील घरात तर बोलवा. दोन दिवस लागू शकतात, एका काळ्या शाईच्या पेनाला मला पाच दिवस लागले होते. पाणी स्वच्छ दिसायला लागलं तरी झालं असं समजू नका, निबच्या खाली जी काळी पन्हाळीसारखी जीभ असते, फीड म्हणतात तिला, तिच्या बारीक चिरांमध्ये शाई अडकून असते. त्यासाठी मेडिकलमधून सिरिंज आणा, सुई फेकून द्या, टोकाला छोटी रबरी नळी लावा आणि सेक्शनच्या मागून पाणी जोरात सोडा. नुसतं भिजवण्यापेक्षा दहापट काम होतं. तरी अडलं तर एक वाटी पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. एकच! नंतर साध्या पाण्याने चार-पाच वेळा धुवा, साबण राहिला तर शाई निबवर पसरते आणि कागदावर ओघळते. काहीजण पातळ अमोनियाचं पाणी वापरतात, चालतं पण ते, दहा भाग पाण्याला एक भाग अमोनिया या हिशोबाने, खिडकी उघडी ठेवून, आणि ब्लीचच्या जवळपासही न नेता. मला दहातल्या नऊ पेनांना त्याची गरज पडलेली नाही.

धुतल्यावर पाणी काढायचं कसं तर निब टिश्यूत किंवा जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळा, आणि आई ताप बघायच्या आधी पाऱ्याचा थर्मामीटर झटकायची तसं पेन झटका, पण पेन घट्ट धरा आणि समोर भिंत नसू द्या. मग निब खाली करून टिश्यूवर रात्रभर.

जीभ आणि निब बाहेर काढावी का यावर पेनवाल्यांत कायम भांडण. एक गट म्हणतो काढल्याशिवाय स्वच्छ होतच नाही, दुसरा म्हणतो चालत्या पेनाची निब काढणं म्हणजे बसल्या दाताला हात घालणं. माझं मत, साध्या भारतीय ड्रॉपरवाल्या, म्हणजे ड्रॉपरने थेट बॅरलमध्ये शाई भरायच्या पेनांत निब आणि जीभ नुसती दाबून बसवलेली असते, ट्यूबच्या तुकड्यात दोन्ही एकत्र धरून सरळ ओढली की येते, तिथे काढायला हरकत नाही. महागडं किंवा परदेशी पेन असेल तर काढू नका, आणि निब बसवलेली असताना कुठे होती त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. परत बसवताना निबचा मध्य आणि जिभेवरची रेघ एका ओळीत यायला पाहिजे. एबोनाइटची जीभ निबला चिकटून बसत नसेल तर एक जुना उपाय आहे, निब-जीभ सेक्शनमध्ये बसवलेल्या अवस्थेत फक्त पुढचं टोक उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद धरायचं, बाहेर काढून जीभ अंगठ्याने निबवर हलकी दाबून ठेवायची आणि गार होऊ द्यायची. वर मी गरम पाणी नको म्हणालो आणि इथे उकळतं सांगतोय, माहितीये, पण इथे फक्त जिभेचं टोक पाण्यात जातं, बाकी पेन नाही. प्लास्टिकच्या जिभेला हे लागू नाही, ती आकार धरत नाही.

शाई कशी भरते ते बघा, त्यावर पुढचं सगळं अवलंबून. ड्रॉपरचं पेन म्हणजे अख्खं बॅरलच टाकी, दोन-तीन मिली सहज मावते, आजकालच्या पेनांत जी काढ-घाल करायची छोटी टाकी असते, कन्व्हर्टर म्हणतात तिला, तिच्यात एक मिली पण जात नाही. म्हणून आपल्या आजोबांच्या पिढीला आठवडाभर दौत लागायची नाही. पण त्याची एक खोड आहे. शाई पाव टाकीवर आली की वर हवा जास्त, हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि निबमधून टपकन थेंब, नेमका महत्त्वाच्या कागदावर. शाळेत खिशाला निळे डाग पडायचे त्याचं एक कारण हेच, आपण उगाच पेनाला शिव्या घालायचो. उपाय एकच, पाव टाकीच्या खाली जाऊ द्यायचं नाही, भरायचं. आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर. व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियम आहे ते, रबराची वाट लावतं. विमानात नेणार असाल तर टाकी काठोकाठ भरलेली किंवा पूर्ण रिकामी, आणि निब वर.

लिव्हरवाल्या पेनात आत रबराची पिशवी असते आणि चाळीस-पन्नास वर्षांनी ती दगड तरी होते नाहीतर डांबरासारखी चिकट. लिव्हर जोर करून उचलू नका, आत कडक झालेली पिशवी असेल तर लिव्हर तुटतो. सेक्शन काढून जुनी पिशवी खरवडून नवीन शेलॅकने चिकटवायची. फेविक्विक नाही हं, पुढच्या वेळी ती निघणारच नाही. शेलॅक म्हणजे लाखच, फर्निचरला पॉलिश करणाऱ्यांकडे चपडी लाख मिळते ना, ती. हे काम जमतं पण पहिलं पेन आजोबांचं नको, जुन्या बाजारात पन्नास रुपयांचं एखादं मोडकं घ्या आणि त्याच्यावर हात बसवा.

आता शाई. टेस्टसाठी साधी रॉयल ब्ल्यू, धुतली की जाणारी. कॅमल, सुलेखा, ब्रिल काहीही चालेल, महागड्या परदेशी शाईची गरज नाही. आणि या शायांना इतिहास पण आहे, दांडेकरांनी १९३१ मध्ये गिरगावात घोडा छाप शाईची पावडर आणि वड्या बनवायला सुरुवात केली, तीच पुढे कॅमलिन झाली, आणि कोलकात्याची सुलेखा १९३४ ची, स्वदेशीच्या वातावरणातून आलेली. पण इतिहास आवडतो म्हणून कपाटात सापडलेली त्या काळची बाटली पेनात ओतू नका. तळाला गाळ बसलेला असतो, कधी बुरशीचा पांढरट थर आणि कुबट वास, ती शाई एकदा पेनात गेली की बुरशी जिभेत घर करते. बाटली शोकेसमध्ये ठेवा.

सगळ्यात मोठी चूक, आणि ही मी दरवर्षी कोणाला तरी करताना बघतो, स्टेशनरीच्या दुकानात "काळी पक्की शाई द्या" म्हणायचं आणि दुकानदार वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक देतो. ती चित्रकलेच्या टाकासाठी असते, त्यात लाखेसारखे पदार्थ असतात, पेनात वाळली की सिमेंट. त्याच्यावर पाणी, साबण, अमोनिया काहीच नीट चालत नाही. बाटलीवर फाउंटन पेन लिहिलेलं नसेल तर घ्यायचीच नाही. चमकीवाल्या शाया नवीन पेनात मजा म्हणून ठीक, जुन्यात नको. आणि दोन शाया मिसळू नका, कधीकधी साका बसतो आणि परत वाटी-पाणी-सिरिंज.

भरली शाई, आता लिहा. काय लिहायचं ते सांगायला नको, मराठी माणूस नवीन पेनाने श्रीच काढतो. श्री तसं टेस्टला उत्तम अक्षर आहे, त्यात वळण आहे, उभी रेघ आहे, वर वेलांटी आहे, सगळ्या दिशांना निब फिरते. कुठे खरखरतं ते लक्ष द्या. फक्त एकाच दिशेला खरखर असेल, म्हणजे डावीकडे जाताना ठीक आणि उजवीकडे जाताना कागद ओरबाडला जातोय, तर निबच्या दोन पाकळ्या वरखाली झाल्यात. दहापट भिंगातून, म्हणजे घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं, समोरून निब बघा, एक पाकळी वर दिसेल. वरची पाकळी अंगठ्याच्या नखाने हलकी खाली दाबायची, दोन सेकंद, सोडा, बघा, परत. पॉलिश पेपर अजून पण नाही! खरखरीच्या दहा तक्रारींतल्या सात-आठ इथेच मिटतात, हा माझा अनुभव.

शाई कमी येतेय, अक्षर फिकं, तर पाकळ्यांची मधली फट फार घट्ट असू शकते. पितळेचा कागदासारखा पातळ पत्रा मिळतो, मिलिमीटरचा वीसावा भाग जाडीचा, तो फटीतून निबच्या मधल्या भोकापासून टोकाकडे हलका दोनतीनदा ओढायचा, घाण पण निघते आणि फट किंचित मोकळी होते. ब्लेड घालू नका. एका दुकानात माझ्यादेखत माणसाने दाढीचं ब्लेड घालून निब "मोकळी" करून दिली, टीपचा एक कोपराच उडाला आणि वर शंभर रुपये घेतले.

अर्धं पान लिहून झाल्यावर शाई अचानक थांबते, पेन झटकलं की परत येते, याचा अर्थ हवा आत जात नाहीये. जेवढी शाई बाहेर तेवढी हवा आत, असा सौदा असतो, जिभेवरच्या एका रेघेतून शाई खाली येते आणि हवा वर जाते. ती वाट बंद म्हणजे अजून घाण आहे, परत वाटीत. कन्व्हर्टर असेल तर कधी शाई मागच्या टोकालाच चिकटून राहते, टिचकी मारा, खाली येते.

एवढं सगळं करून, पाकळ्या सरळ असून, सगळ्या दिशांना बारीक खरखर राहिली तरच घासायचं. त्यासाठी मायक्रोमेश, म्हणजे अतिशय बारीक दाण्याचं घासायचं कापड, १२००० ग्रिटचं. हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर नाही, तो त्याच्यासमोर खडी आहे. शाई भरलेली असू द्या, नेहमीच्या कोनात धरा, दाब न देता आठचा आकडा काढा, इंग्रजी आठ हं, आपला नाही, आपल्या ८ मध्ये निब एकाच बाजूला जास्त फिरते. तीन आठ, मग कागदावर श्री. परत तीन. पाचव्यांदा वाटेल की अजून थोडं, तिथे थांबा. निबच्या टोकाला जो कडक मिश्रधातूचा ठिपका असतो तो एकदा गेला की गेला, आणि जास्त गुळगुळीत केलं की फटीच्या दोन्ही कडा आत गोल होतात, मग शाई कागदाला टेकतच नाही, पेन पहिल्या रेघेला दगा देतं. निबवर १४ के किंवा ५८५ असा शिक्का असेल तर ती सोन्याची आहे, मग घासूच नका, माहितगाराकडे द्या. इरिडियम पॉइंट जर्मनी असं लिहिलेलं असेल तर फार हुरळून जाऊ नका, ते साध्या स्टीलच्या निबवर पण सर्रास छापलेलं असतं. निब कामातून गेलीच असेल तर कानपूरच्या कॅनराइटच्या निबा स्वस्त आणि चांगल्या आहेत, फक्त जुन्याचं माप घेऊन मागवा.

हौस असेल तर एखादी निब चपट्या टोकाची, स्टब म्हणतात ती, लावून बघा. शिरोरेषा बारीक येते आणि काना जाड, वहीभर लिहिलं तर कोणीही विचारेल हे कशाने लिहिलं. पण रोजच्या याद्या, हिशोब, जोडाक्षरांची गर्दी, त्याला फाइन निबच बरी, स्टबने "ष्ट्य" लिहून बघा, नुसता ठिपका होतो.

आणि कागद. पेन वाईट आहे असं ठरवायच्या आधी कागद बदलून बघा. झेरॉक्सच्या साध्या कागदावर शाई फुटते, अक्षराला मिशा येतात, तो पेनाचा दोष नाही. लोक जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम ते बघतात, पण नुसत्या वजनावर काही नसतं, कागदावर शाई आत न मुरावी म्हणून जी खळ दिलेली असते तिच्यावर असतं. जपानचा टोमोए रिव्हर कागद ५२ जीएसएमचा, कांद्याच्या सालीसारखा, तरी शाई मागे उतरत नाही. तो महाग आहे, रोजला आपल्याकडच्या चांगल्या वह्या पुरतात. दुकानात पेन घेऊन जा आणि शेवटच्या पानावर एक रेघ मारून बघू का विचारा, बहुतेक जण हो म्हणतात.

चालू झालं की रोज एक ओळ तरी लिहा, पंधरा दिवस पडून राहणार असेल तर शाई काढून धुवून ठेवा.

आणि टोपण धुतलंत का? नाही ना, सगळे विसरतात. त्याच्या आत जुनी शाई वाळून बसलेली असते, स्वच्छ केलेल्या पेनाला ते टोपण लावलं की दुसऱ्या दिवशी सेक्शनवर निळे पट्टे आणि आपण पेन गळतंय म्हणून परत सगळं उघडून बसतो. कापसाचा बोळा ओला करून आतून फिरवा, बोळा पांढरा निघेपर्यंत, क्लिपमध्ये पाणी जाऊ देऊ नका, गंजते. मग उलटं ठेवून वाळवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा.